आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो

दुसऱ्या शस्त्रक्रियेतून मला अकरा किलो मिळणार होते. म्हणजे जाणार होते, पण या धंद्यात जाणं हीच कमाई. अठ्ठ्याऐंशीतून अकरा गेले की सत्त्याहत्तर, आणि सत्त्याहत्तर हा आकडा आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी सात वर्षांपूर्वी माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहून त्याला गोल केला होता. बाई पुढे नोकरी सोडून गेल्या. त्यांना तो आकडा आठवतही नसेल. मी मात्र पेन्सिल पुसट झाली तेव्हा एकदा आणि नंतर उगाच एकदा तो पेनने गिरवला होता. अकरांच्या बदल्यात द्यायचं होतं ते असं: पोटाला पुन्हा चार-पाच भोकं, आतड्याची वाट बदलणं, पंधरा दिवस नुसतं पातळ, महिन्याची रजा, आणि नवऱ्याला पुन्हा दवाखान्याच्या त्या अरुंद बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसवणं. सौदा वाईट नव्हता. त्या सकाळी दहाला दहा कमी असेपर्यंत तरी मला वाईट वाटला नव्हता. संमतीचा कागद पिशवीत होता, सही तेवढी डॉक्टरांसमोर करायची राहिली होती.

डॉक्टरांची खोली पाचव्या मजल्यावर. खाली लिफ्ट, लिफ्टमध्ये पाटी: आठ व्यक्ती, पाचशे चव्वेचाळीस किलो. भागाकार करा, माणशी अडुसष्ट येतात. कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलेलं आहे की माणूस म्हणजे अडुसष्ट. एकशे एकतीस किलोच्या बाईला शहरातल्या सगळ्या लिफ्टच्या पाट्या पाठ असतात, जशी गुडघे धरलेल्या माणसाला सगळी बाकडी पाठ असतात. माझं वजन एकशे एकतीस होतं तेव्हा मी जवळजवळ दोन माणसं होते, आणि तरी दार बंद होताना सगळे मला एकच समजून जागा द्यायचे, म्हणजे द्यायचे नाहीत. त्या सकाळी मी आणि नवरा आधी आत गेलो आणि मागच्या आरशाला टेकून उभे राहिलो. मग चौघं आली: एक म्हातारे आणि त्यांची मुलगी, एक परिचारिका, आणि छातीशी एक्स-रेचं मोठं पाकीट धरलेल्या एक बाई. दार लागता लागता औषध कंपनीचे दोन तरणेबांड विक्रेते नमुन्यांची भलीमोठी बॅग ओढत घुसले. बरोबर आठ. आणि घंटा वाजली.

लिफ्टच्या घंटेबद्दल नियम असा आहे की शेवटी आला तो उतरतो. रिवाज असा आहे की जाड असतो तो उतरतो. मी तीस वर्षं रिवाज पाळलेला आहे. घंटा वाजली की माझे पाय मेंदूला विचारत नाहीत. खांदा आडवा होतो, तोंडातून "सॉरी हं, सॉरी" असं निघतं, आणि चेहऱ्यावर एक हसू येतं. ते हसू मी शाळेत असताना तयार केलं. त्याचा अर्थ असा की मला काही वाटत नाही, तुम्हीही काही वाटून घेऊ नका, उलट मला उतरायचंच होतं. तर मी उतरले. वळून उभी राहिले, दार बंद व्हायची वाट बघत. दार बंद होईना. घंटा वाजतच होती. आतले सगळे डोळे कुणाकडे तरी बघत होते. ते डोळे मी कुठेही ओळखेन: बघत नाही असं दाखवत बघणारे. मी आतल्या आत आवळून घेतलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं की ते माझ्याकडे नाहीत. मी बाहेर आहे. माझ्या बाजूला कुणीच बघत नाहीये.

"काका," एक्स-रेवाल्या बाई म्हणाल्या, अगदी गोड आवाजात, "तुम्ही पुढच्या फेरीला या ना. बरं पडेल."

नवऱ्याने मागे वळून पाहिलं. कुठल्या काकांना सांगतायत ते बघायला. मागे आरसा होता.

विक्रेत्यांपैकी एक मोबाइलमध्ये बघत होता, दुसरा छताकडे. मग नवरा उतरला. घंटा थांबली, दार सरकलं, लिफ्ट गेली. तो माझ्यासमोर पिशवी धरून उभा होता आणि हसत होता. "मला तसंही तुझ्याबरोबरच यायचं होतं," तो म्हणाला. ते हसू माझं होतं. माझ्या कारखान्यातलं, माझ्या शिक्क्याचं. ते त्याच्या तोंडावर कसं गेलं ते मला कळेना.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पहिल्यांदा जे वाटलं ते फार चांगलं नव्हतं. मला हायसं वाटलं. मी नव्हे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घंटा वाजली आणि तिचा मालक दुसरा कुणीतरी निघाला. उन्हाळ्यात घट्ट बूट काढून पाय गार फरशीवर ठेवल्यावर घोट्यापासून वर जे काही सरकत जातं, तसं ते छातीपर्यंत आलं. लाज त्यानंतर आली, पाठोपाठ आली, पण नंतर आली हे मी नाकारत नाही.

"चल, जिन्याने जाऊ," मी म्हणाले.

"पाचवा मजला आहे."

"मग?"

"मग काही नाही. पाचवा आहे एवढंच सांगितलं."

आम्हाला दोघांना मिळून दहा म्हणायचे. लग्नाच्या फोटोतही तसंच दिसतं: तो एक, मी शून्य. तो चष्मेवाला. दिवसभर स्टुलावर बसून काचा घासायच्या, चौकटीचे बारीक स्क्रू चिमट्याने लावायचे. बोटं तशीच, मनगटं तशीच, मान तशीच. माझ्या आईने त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आत बोलावून म्हणाली, "अगं, झोपेत कूस बदलताना जपून हो." मी हसले होते. मला असल्या गोष्टींवर आधी हसायचं तंत्र येत होतं. दुसऱ्याने हसायच्या आत आपण हसलो की विनोद आपल्या मालकीचा होतो. तो मात्र हसला नव्हता, दाराबाहेरून त्याने ते ऐकलेलं होतं. त्यावर तो पुढे बऱ्याच वर्षांनी एकदाच बोलला: "तुझ्या आईला काय माहीत, मी भिंतीकडे तोंड करून झोपतो ते."

मी पुढे आणि तो मागे. पहिला मजला, दुसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या वळणावर त्याची पावलं थांबली. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. भिंतीवर लाल नळकांडं लटकत होतं आणि त्याच्या शेजारच्या सूचना तो वाचत होता. तल्लीन होऊन.

"काय वाचतोयस?"

"आग लागली तर काय करायचं ते."

"लागलीय का?"

"माहिती असलेली बरी," तो म्हणाला, पण 'माहिती' आणि 'असलेली'च्या मध्ये त्याने श्वास घेतला.

मी या शहरातल्या सगळ्या जिन्यांमधले सगळे फलक वाचलेले आहेत. थुंकू नये, सायकली लावू नयेत, पाण्याची टाकी अमुक तारखेला धुणार, तिसऱ्या मजल्यावर शिकवणी. धाप लागल्याचं कबूल करण्यापेक्षा माणसं काय काय वाचतात. एका सरकारी इमारतीत मी दोन वर्षं जुनी निविदा तीनदा वाचली होती. आणि तेव्हा हा माणूस, बासष्ट किलोचा, दोन पायऱ्या वर उभा राहून वाट बघायचा आणि म्हणायचा, "काय आहे गं, काही महत्त्वाचं?" त्याला माहीत होतं. म्हणूनच त्याने कधी "थांब हवं तर" असं म्हटलं नाही. आता मी दोन पायऱ्या वर होते. त्याचा सदरा पोटावर ताणला होता, दोन गुंड्यांच्या मधून आतलं पांढरं दिसत होतं. हा सदरा कधीचा? आणि तो पट्टा? गेल्या काही वर्षांत पट्टा दोनदा नवा आला. "जुना तुटला," असं तो म्हणाला होता. पट्टे असे तुटतात का? मी विचारलं नव्हतं. सात वर्षं मी आरशात एकच माणूस बघत आले आणि तो माणूस मीच होते.

मी पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल मोजते. तिथे मला मोजणीबाई म्हणतात. रॅक, रॅकमध्ये कप्पे, प्रत्येक कप्प्यावर दोऱ्याने बांधलेलं एक कार्ड. किती आले, किती गेले, किती उरले. वर्षातून दोनदा मी प्रत्येक वस्तू हाताने मोजते आणि कार्डाशी ताडते. एकवीस वर्षांत मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत आले: माल नाहीसा होत नाही. जागा बदलतो. एका कप्प्यात चाळीस वॉशर कमी भरले तर बोंब मारू नका, आधी शेजारचा कप्पा बघा. शंभरात नव्वद वेळा चाळीस तिथे जादा सापडतात, घाईघाईत कुणीतरी तिथे टाकलेले. हे मी शिकवते. आणि माझे त्रेचाळीस गेले, एकशे एकतीसचे अठ्ठ्याऐंशी झाले, तेव्हा मी एकदाही शेजारचा कप्पा बघितला नाही. गेले ते गेले, असं धरून बसले. चोराला कुणी पत्ता विचारत नाही.

पहिले वीस महिने ते भराभर गेले. आठवड्याला वहीत नवा आकडा, स्टोअरमध्ये रोज कुणीतरी "अय्या, ओळखलंच नाही!" म्हणणारं. मला चालता चालता दुकानांच्या काचा दिसायला लागल्या होत्या. मग एका मंगळवारी अठ्ठ्याऐंशी. पुढच्या मंगळवारी अठ्ठ्याऐंशी पूर्णांक दोन. सत्त्याऐंशी पूर्णांक नऊ. अठ्ठ्याऐंशी. पाच वर्षं आणि चार महिने. मी काटा न्हाणीघरातल्या फरशीवरून खोलीतल्या फरशीवर नेला. कानातले काढले, केसांची पिन काढली. जेवणाच्या सुट्टीत कुणी नसताना मालाच्या मोठ्या काट्यावर, पंपाच्या खोक्यांच्या जागी उभी राहिले. काही महिने भात सोडला, पाव सोडला, संध्याकाळचं चालणं दुप्पट केलं, गुडघा धरला, चालणं बंद, तेव्हाही अठ्ठ्याऐंशी. आकडा हलत नव्हता याहून वाईट म्हणजे "अय्या" बंद झाली. कुणी वाईट बोलत नव्हतं, फक्त कुणाला आता आश्चर्य वाटत नव्हतं. नणंद तेवढी विचारायची, "थांबलं का गं तुझं?" बंद पडलेल्या पंख्याबद्दल विचारावं तसं. आणि एकदा, भाऊ-बहीण जेवायला बसलेले असताना, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "आमच्या दादाला मात्र बायकोचं उष्टं मानवलं हो!" मी त्यावर आठ दिवस धुमसत होते. तिने मला टोमणा मारला असं मी धरून चालले. तिने तर मोजणीचा निकाल सांगितला होता.

उष्टं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मला ते अर्धं अंडं आठवलं. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहाव्या आठवड्यात मला एक उकडलेलं अंडं खायची मुभा मिळाली. ताट मोठं होतं, आमची ताटं सगळी मोठीच. मधोमध ते अंडं. मी चमच्याच्या टोकाने पंचवीस मिनिटांत अर्धं खाल्लं. मग छातीच्या खाली एक दार लागलं. त्यापुढे एक घास म्हणजे उलटी. अर्धं अंडं ताटात माझ्याकडे बघत होतं आणि मला रडू फुटलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आयुष्यभर माझ्या ताटात काही उरलं नव्हतं. ताटात काही उरणं ही माझ्या घरात इतरांची मिजास होती. नवरा ओट्याशी उभा होता. तो आला, चमचा उचलला, उभ्याउभ्याच अर्धं अंडं खाल्लं आणि ताट विसळून पालथं घातलं. "झालं," तो म्हणाला. "बघ, काही नाही."

तेव्हापासून तसंच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी थांबले की तो उठून यायचा. आमच्या घरी तांदळाचं माप मी घालते आणि शिजवतो तो. माप तीन. लग्नापासून तीन: दोन माझी, एक त्याचं. शस्त्रक्रियेनंतर माझं अर्ध्यावर आलं आणि मी माप तीनच ठेवलं. स्टोअरमध्ये खप घटला तर मागवायचं प्रमाण घटवायचं, हे मी नव्या माणसांना दुसऱ्या दिवशी शिकवते. नाही घटवलं तर माल येत राहतो आणि जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसतो. मी हे का केलं नसेल? विसरले म्हणावं तर मी काही विसरत नाही. रोज संध्याकाळी डब्यात हात घालून तिसरं माप घालताना एक क्षण बोटं थांबायची आणि मग घालायची. मला वाटतं ते तिसरं माप मी तिच्यासाठी घालत होते. एकशे एकतीसवालीसाठी. तिचे कपडे मी कपाटाच्या वरच्या फळीवर घडी करून ठेवलेले आहेत, तसंच हेही. ती गेलीय यावर माझा विश्वास नव्हता. ती कधीही परत येईल आणि दारातून विचारेल, माझं कुठाय? तर घरात काही असावं. ती आली नाही. तिचं जेवण सात वर्षं तो जेवला.

"तुझं वजन किती आहे रे?" चौथ्या मजल्यावर मी विचारलं.

"कुणाचं?"

"तुझं."

"माझं कसलं वजन? चष्मेवाल्याला कोण तोलतं?"

वरच्या खोलीत परिचारिकेने मला नेहमीसारखं काट्यावर उभं केलं. मी कानातले काढले, पिन काढली. "सेमच आहे, मॅडम," ती म्हणाली आणि लिहिलं: अठ्ठ्याऐंशी. मी उतरले. "आता यांचं करा."

"माझं काय करायचंय? मी पिशवी धरायला आलोय."

"पिशवी मी धरते."

त्याने बूट काढले. मग पाकीट, किल्ल्या, नाकपुडी कोरावी तसं खिसे कोरून सुटी नाणी. मग, माझ्याकडे न बघता, चष्मा काढला. कानातले काढणाऱ्या बाईला ते बघून हसू येणार नाही तर काय. काट्यावर चढला आणि आकडा बघायला खाली वाकला, पण चष्म्याशिवाय त्याला स्वतःची बोटंही दिसत नाहीत. आंधळ्या कोकरासारखी मान करून म्हणाला, "किती?"

"चौऱ्याऐंशी."

"मशीन बिघडलंय."

"मशीन बरोबर आहे. मी बासष्टचा माणूस बघून घेतला होता. माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी याच काट्यावर तुला गंमत म्हणून उभं केलं होतं. बासष्ट. वहीत आहे."

"तू माझं पण लिहिलंस?"

"समास रिकामा होता."

बावीस. त्रेचाळीसातले बावीस शेजारच्या कप्प्यात. मी ते मोठ्याने बोलले नाही, पण तो चष्मा घालता घालता थांबला, म्हणजे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे तपासलेला माणूस. बाकावर बसल्यावर तो हळूच म्हणाला, "मला ते टाकवायचं नाही."

"अन्न?"

"अन्नाचं काय एवढं. तुझा चेहरा." तो बूट चढवत होता, दोरी बांधायला वाकताना मध्ये थांबावं लागत होतं. "ताटात काही उरलं की तू चोरी पकडल्यासारखी बसायचीस. ताट रिकामं झालं की बरी व्हायचीस. मग म्हटलं, करू रिकामं. दोन मिनिटांचं तर काम."

"सात वर्षं?"

"दोन-दोन मिनिटंच गं."

डॉक्टरांना मी मनात शिंपी म्हणते. त्यांनी मला आतून आल्टर केलं. त्यांनी कागद पुढे ओढले, माझा आकडा बघितला, मग परिचारिकेने भाबडेपणाने खाली लिहिलेला दुसरा आकडा बघितला. "हे कुणाचं?"

"यांचं. माझ्यातलं."

मी सांगितलं. तीन मापं, अर्धं अंडं, सगळं. कागदपत्रं तपासायला आलेल्या साहेबासमोर आपल्या खात्यातली चूक आपणच काढून दाखवावी, तसं. ते हसले, मग हसता हसता थांबले. "मी पोट एकाचं लहान केलं," ते म्हणाले. "ताटं तुमची दोघांचीही तशीच राहिली. ती माझ्या हातात नव्हती. पण ह्यांची साखर कधी तपासलीय?"

"मी ठणठणीत आहे," नवरा म्हणाला.

"ठणठणीत भांडं पोकळ असतं. रक्त देऊन जा आज." मग माझ्याकडे वळले. "आणि तुमचं असं की, तुमची साखर पाच वर्षं उत्तम, दाबाच्या गोळ्या बंद, पाचवा मजला..."

"जिन्याने आले."

"जिन्याने आलात. मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, दुसरी शस्त्रक्रिया करता येईल का. मी काय म्हणालो होतो?"

"करता येईल म्हणालात."

"पुढे?"

पुढे काहीतरी होतं. मला आठवेना. नवरा म्हणाला, "करता येईल, पण करायलाच हवी असं नाही. असं म्हणाले होते."

"तुला आठवतंय?"

"मी पिशवी धरून बसलेलो असतो. दुसरं काय काम असतं?"

"सगळे पहिलंच वाक्य घेऊन जातात," शिंपी म्हणाले. "हे बघा, वाढलंय का? नाही. पाच वर्षांत किलोभरही नाही. शरीर इतकी वर्षं एका आकड्यावर राहिलं तर तुम्ही म्हणता अडकलं. मी म्हणतो, बिऱ्हाड केलं त्याने. सत्त्याहत्तर कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"आहारवाल्या बाईंनी. पेन्सिलने."

"पेन्सिलने," ते म्हणाले.

पिशवीतून काढलेला संमतीचा कागद माझ्यासमोर होता. सहीची जागा ठिपक्यांची. मी त्याच्याकडे बघत बसले आणि वाट बघत राहिले की अकरांची ती भूक वर येईल, रोज सकाळी येते तशी. आली नाही. त्या खोलीत मला अचानक इतकं हलकं वाटायला लागलं की काट्यावर पुन्हा उभं राहून बघावंसं वाटलं, आणि तेवढ्यात कळलं की काट्याला ते दिसणार नाही आणि मला त्याला विचारण्याची गरज नाही. पाच वर्षं चार महिने मी रांगेत उभी होते आणि खिडकी केव्हाचीच उघडलेली होती. माझं काम झालेलं होतं, पावती हातात होती, आणि तरी मी उभी होते. मी कागदाची आधीच्या घडीवर घडी घातली आणि परत दिला. "नको."

शेजारी नवऱ्याने श्वास सोडला. जिन्यात कोंडलेला असावा. त्याने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

रक्त देऊन बाहेर आलो तर लिफ्ट रिकामी उभी होती. आत आम्ही दोघंच. तो पाटीखाली उभा राहिला, दाराकडे तोंड करून, जरा बाजूला सरकून, अंग चोरून. सकाळची दोन मिनिटं त्याला पुरली होती. अंग चोरायला माणूस इतक्या लवकर शिकतो. मी त्याचा दंड धरून त्याला मधोमध ओढलं.

"काय?"

"मधे उभा राहा. एकशे बाहत्तर आहोत दोघं. जागा आहे."

घंटा वाजली नाही. आम्ही उतरत होतो, मजल्यांचे आकडे कमी होत होते आणि मला ते वहीत लिहावेसे वाटत नव्हते. आरशात एक बाई आणि एक बुवा दिसत होते, साधारण सारख्या आकाराचे. दहा मोडलं होतं. "आजपासून माप दोनच घालणार आहे," मी म्हणाले.

"दोन? आणि उरलं तर?"

"उरू दे."

"तुझा चेहरा होईल."

"होऊ दे. तू बघू नकोस. पाठ करून बस, भिंतीकडे, तुला सवय आहे."

तो हसला. या वेळी ते हसू त्याचंच होतं, जुनं, बासष्टचं.

संध्याकाळी डब्यात हात घातला. एक, दोन. बोटं थांबली, आणि मी झाकण लावलं. जेवताना माझ्या ताटात दोन चमचे भात उरला. तो उठला, सवयीने, चमचा हातात घेऊन अर्ध्या वाटेत आला आणि थांबला. मी ताट माझ्या हाताने उचललं. तो भात आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता टाकला, पहिल्यांदाच चोरी करणाऱ्या माणसांसारखं, आणि मग तो ओट्याला टेकून इतका हसला की त्याच्या सदऱ्याची ती ताणलेली गुंडी सुटली.

मग मी वही काढली. पुठ्ठ्यावरचा सत्त्याहत्तर पेनने गिरवलेला असल्यामुळे खोडता येईना, तेव्हा तसाच राहू दिला. शेवटच्या पानावर मोजणी लिहिली. गेले त्रेचाळीस. शेजारच्या कप्प्यात सापडले बावीस. उरलेल्या एकवीसांचा पत्ता नाही. एवढी तूट आमच्या स्टोअरमध्ये कुणी मान्य करणार नाही, पण मी करते, कारण मला त्यांची आता गरज नाही. आमच्या मोजणीच्या कागदावर अगदी तळाला एक रकाना असतो: फरक कोणी भरून दिला. तिथे सहसा रेघ असते. मी लिहिलं: त्याने. सात वर्षं, दिवसातून दोनदा, उभ्याउभ्या, चमच्याने.